दुसरा ट्रॅक्टर: ५५ एचपीचा मोठा की २७ चा छोटा? (देपालपूर, ३४ एकर, गोठा आणि पेरू)

देपालपूरकर
नमस्कार मंडळी. दिवाळीपासून घरात एकाच विषयावर वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो.

शेती इंदूरजवळ, देपालपूर तहसिलीत. एकूण ३४ एकर, म्हणजे आमच्या हिशेबाने चोपन्न बिघे. खरिपात ३१ एकर सोयाबीन. रब्बीत २२ एकर गहू, ४ एकर हरभरा, ५ एकरांत बटाटा आणि लसूण. दीड एकर पेरू, उरलेल्या दीड एकरात नेपियर, बरसीम हा चारा आणि गोठा. लहानमोठी धरून बारा जनावरं, दूध दोन्ही वेळा सोसायटीत जातं.

ट्रॅक्टर एकच. ४५ एचपी, टू व्हील ड्राइव्ह, २०१४ साली घेतलेला, मीटर ६,८०० तासांवर. कल्टिव्हेटर, सहा फुटी रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, बटाटा लावणी यंत्र, ट्रॉली, चाऱ्याची कुट्टी, फवारणी, सगळं याच्याच मागे. दिवसातून चार वेळा अवजार काढायचं आणि चार वेळा जोडायचं.

धाकट्या भावाला ५५ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह हवाय, सुपर सीडर (आधीच्या पिकाचं काड मातीत मिसळत त्याच फेरीत पेरणारं यंत्र) चालवता येईल म्हणतो. बाबांचं म्हणणं, आहे त्याच कंपनीचा, आहे तोच मॉडेल घ्या. मिस्त्री ओळखीचा, सुटे भाग घरात पडलेले. आणि बायको म्हणते २७ एचपीचा छोटा घ्या, मी स्वतः चालवीन, गोठ्याचं काम कुणावाचून अडणार नाही. मोठ्याचं कोटेशन साडेदहा लाखांच्या पुढे आहे, छोट्याचं सहाच्या आत. हातात तीन लाख आहेत, बाकीचं कर्ज. तुम्ही काय कराल?

काळी_माती_सांवेर
तुमच्या भावाच्या बाजूने बोलतो. आमची ५२ एकर, पूर्ण काळी. तीन वर्षांपूर्वी ५५ चा फोर व्हील घेतला. पावसानंतर जमीन वरून सुकलेली दिसते आणि आत चिखल असतो. तिथे टू व्हीलचं मागचं चाक जागेवर फिरत बसतं, डिझेल जळतं, खाली जमीन दाबली जाते. फोर व्हील पुढून ओढतो, त्यामुळे चाकं कमी घसरतात आणि तेवढ्याच जोरात जास्त काम निघतं. आमच्याकडे पेरणी एक दिवस आधी सुरू होते, आणि तो एक दिवस जूनमध्ये फार मोठा असतो.

पण एक सांगून ठेवतो. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू आहेत. त्यामुळे या नव्या गाड्यांत कॉमन रेल इंजिन (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारं) येतं, सेन्सर येतात. आमचा त्या नियमानंतरचाच आहे. पहिल्या वर्षी ऐन गव्हाच्या पेरणीत डॅशबोर्डवर दिवा लागला आणि इंजिन जोर धरेना. गावचा मिस्त्री पंचवीस वर्षं याच कामात आहे. त्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, 'भिया, ह्याला लॅपटॉप लागतो.' लॅपटॉपवाला तिसऱ्या दिवशी आला. डिझेलमध्ये पाणी निघालं. आम्ही पिंपात साठवलेलं डिझेल घातलं होतं. तेव्हापासून पंपावरचं ताजंच घालतो आणि वॉटर सेपरेटर दर आठवड्याला खाली करतो. त्यानंतर त्रास नाही.

गोठेवाली_हातोद
वहिनींचं बरोबर आहे. का, ते सांगते.

आमची नऊ जनावरं. पूर्वी नवऱ्याने ट्रॅक्टर शेतात नेला की शेण दुपारपर्यंत तसंच पडून असायचं आणि नेपियर डोक्यावरून आणावा लागायचा. चार वर्षांपूर्वी २४ एचपीचा छोटा घेतला. आता पहाटे साडेपाचला मीच काढते. गोठ्यामागचं फाटक सहा फुटांचं आहे, त्यातून तो लहान ट्रॉलीसकट आत येतो आणि दोन गव्हाणींच्या मधून सरळ पुढे निघतो. मोठ्याला ते फाटक पुरायचं नाही. त्याला बाहेर उभा करून पाट्या भरून वाहाव्या लागायच्या. कुट्टी मशीनही त्याच्याच पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आहे. लाइट गेली तरी जनावरं उपाशी राहत नाहीत.

घेताना वहिनींना सोबत न्या आणि क्लच दाबून बघायला लावा. काही गाड्यांचा क्लच इतका कडक असतो की तासाभरात गुडघा दुखायला लागतो. सीटवरून ब्रेकपर्यंत पाय पूर्ण पोचतो का, तेही बघा. ह्या गोष्टी शोरूममध्ये कुणी आपणहून सांगत नाही.

आणि पीटीओ शाफ्टवर जाळी असल्याशिवाय कुट्टी चालू करायची नाही. माझ्या जावेची ओढणी त्यात गेली होती. हात वाचला, कारण ओढणी जुनी होती आणि फाटली. आमच्या घरी त्या दिवसापासून कुट्टीपाशी ओढणी किंवा पदर मोकळा ठेवून कुणी उभं राहत नाही.

देपालपूरकर
ताई, हे वाचून बायकोने लगेच गोठ्याचं फाटक मोजलं. पाच फूट दहा इंच आहे. जाळीचं लक्षात ठेवतो. आमच्या कुट्टीवर जाळी नाही, ती उद्याच बसवून घेतो.

उज्जैनचा_सौदा
नवीनच हवा असं कुठे आहे? सात-आठ वर्षं वापरलेला ३९-४० एचपीचा अर्ध्या किमतीत मिळतो. मी आत्तापर्यंत तीन जुने घेतले, एकही फसला नाही. घेताना सकाळी, इंजिन थंड असताना जायचं. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जायचं. इंजिनाच्या ब्रीदर नळीतून धूर येतो का, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, ते बघायचं. वजनदार अवजार उचलून इंजिन बंद करायचं आणि दहा मिनिटं चहा प्यायचा. अवजार बरंच खाली आलं असेल तर लिफ्टमध्ये खर्च आहे. मीटरच्या तासांवर विश्वास ठेवू नका, क्लच-ब्रेकच्या पेडलांचं रबर किती घासलंय ते बघा.

आणि कागद. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५, मग नावावर करायला २९ आणि ३०. हे हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

राऊतवाडीकर
तुमच्या बाबांच्या मताकडे कुणी लक्षच दिलं नाही, म्हणून लिहितो. आमच्याकडे दोन ट्रॅक्टर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आहेत. फिल्टर, फॅन बेल्ट, क्लच प्लेट, सगळं एकाचं दुसऱ्याला चालतं. ड्रायव्हरला गिअर शोधावे लागत नाहीत. एकदा एकाचा स्टार्टर गेला, दुसऱ्याचा काढून लावला आणि दिवस निभावला. म्हाताऱ्या माणसांनी हा हिशेब पैसे मोजून शिकलेला असतो.

नांगरट
मी कृषी अभियंता. नोकरीची सगळी वर्षं अवजारांत गेली, आता इंदूरला निवृत्त आहे. देपालपूरकर, तुम्ही ट्रॅक्टर मोजलेत, काम मोजलं नाहीत. आधी काम मोजू.

सोयाबीन ४५ सेंटीमीटरवर पेरता असं धरतो. पाच ओळींचं पेरणी यंत्र म्हणजे सव्वादोन मीटर रुंदी. ताशी पाच किलोमीटर वेग. वळणं, बियाणं भरणं, अडकलेली नळी साफ करणं यात तीस टक्के वेळ जातो असं धरा. २.२५ गुणिले ५ गुणिले ०.७, भागिले १०, म्हणजे ताशी ०.७९ हेक्टर, जवळपास दोन एकर. तुमच्या ३१ एकरांना सोळा तास. दोन दिवस. म्हणजे वाफसा (पेरणीजोगी ओल) दोन दिवस टिकला तरी तुमचा आहे तो ४५ चा ट्रॅक्टर पेरणी पूर्ण करतो, मात्र त्या दोन दिवसांत त्याला दुसऱ्या कामाला हात लावू द्यायचा नाही.

आता सुपर सीडर. हे यंत्र मुळात भात-गहू पट्ट्यातल्या अडचणीवर आलं. तिथे भात काढल्यावर गहू पेरायला पंधरा-वीस दिवस मिळतात आणि शेतात पेंढ्याचा थर असतो. माळव्यात सोयाबीनचं काड थोडंच, आणि गहू निघतो मार्चमध्ये, सोयाबीन पडतं जूनच्या शेवटी. गव्हाची नरवाई (कापणीनंतर उभे राहिलेले बुडखे) मातीत घालायला तुम्हाला तीन महिने आहेत. उन्हाळी मूग घेणाऱ्याचं गणित वेगळं, पण ते तुम्ही लिहिलेलं नाही. आणि बारा जनावरांच्या घरात ती नरवाई मातीत कशाला घालायची? कंबाइन गेल्यावर रीपर फिरवा आणि भुसा करून घ्या. जाळायची तर मुळीच नाही. बंदी आहेच, पण आपलाच चारा आपण जाळतो याचं मला जास्त वाईट वाटतं.

आणखी एक. जाहिरातीतला एचपी इंजिनाचा असतो. अवजाराला मिळतो तो पीटीओचा, साधारण ८५ ते ९० टक्के. सीहोर जिल्ह्यात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण आणि चाचणी संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथल्या चाचणी अहवालात पीटीओचा जोर, डिझेलचा खप, लिफ्टची ताकद, ब्रेक, सगळं मोजून लिहिलेलं असतं. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा.

आणि एक काम घरी बसून करा. गेल्या वर्षात कोणत्या दिवशी एकाच वेळी दोन कामांना ट्रॅक्टर हवा होता, ते लिहून काढा. दुसरा ट्रॅक्टर त्या दिवसांसाठी घ्यायचा असतो.

काळी_माती_सांवेर
काका, सुपर सीडरचं पटलं. आम्ही उन्हाळी मूग घेतो म्हणून आमच्याकडे त्याला काम आहे. वाफशाचं मात्र तुम्ही सोपं करून सांगितलंत. दोन दिवस सलग मिळाले असं गेल्या पाच वर्षांत दोनदाच झालं.

नांगरट
मान्य. म्हणून तर १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं सोयाबीन संशोधनवाले दर वर्षी सांगतात, आणि आपण पहिल्या सरीला धावतो.

निफाडकर
नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात छोट्या ट्रॅक्टरशिवाय पान हलत नाही. दोन ओळींमधून जायचं, फवारणीचा ब्लोअर चालवायचा, तर रुंद गाडी उपयोगाची नाही. तुमच्या पेरूतही तेच होईल, फांद्या मोडणार नाहीत.

पण एक इशारा मनापासून देतो. छोट्याला मोठी ट्रॉली लावू नका. २७ एचपीच्या गाडीचं वजन टनाच्या आत. मागे ट्रॉलीत चाळीस क्विंटल माल आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन वेगळं. चढावर तो ओढेलही, म्हणून माणूस फसतो. उतारावर ट्रॉली त्याला ढकलते आणि ब्रेक दाबला की गाडी आडवी होते. आमच्या शिवारात हे झालंय. माणूस वाचला, पण आठ महिने अंथरुणाला होता. छोट्याच्या मागे छोटीच ट्रॉली.

देपालपूरकर
काकांनी सांगितलं तसं आम्ही तिघे काल रात्री बसलो. दुधाचं खातं, डिझेलच्या पावत्या आणि मंडीच्या पट्ट्या समोर ठेवून एकेक दिवस आठवला. गेल्या वर्षी ४१ दिवस असे निघाले की दोन कामं एकाच वेळी अडली.

त्यातल्या २९ दिवशी अडलेलं दुसरं काम हलकं होतं. शेण बाहेर टाकणं, चारा आणणं, कुट्टी, पेरूची फवारणी, खताच्या पिशव्या शेतात पोचवणं. सात दिवस तर असे की फवारणीचा पंप लावायचा म्हणून रोटाव्हेटर अर्ध्यात काढला होता.

उरलेले १२ दिवस जड. जवळपास सगळे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले. लवकर येणारं सोयाबीन, जेएस २०-३४, निघालेलं असतं, ते छावणीच्या नाहीतर लक्ष्मीबाई नगरच्या मंडीत न्यायचं. त्याच वेळी त्या रानात बटाट्याची तयारी आणि लावणी. मागोमाग गव्हाची पेरणी. मंडीत ट्रॉली रांगेत उभी राहिली की कधी कधी रात्र तिथेच जाते, आणि इकडे रान सुकत जातं.

भाऊ म्हणतो, या बारा दिवसांसाठी मोठाच हवा. बायको म्हणते, २९ मोठे की १२ मोठे? आता सांगा.

राऊतवाडीकर
जड कामांचं नुकसान बारा दिवसांचं असलं तरी पैशांत तेच मोठं. शेण एक दिवस राहिलं तर कुणी मरत नाही.

गोठेवाली_हातोद
राऊतवाडीकर दादा, शेण एक दिवस राहिलं की ते कुणीतरी हाताने काढतं. ते कोण काढतं, ते घरात विचारा. आणि पावसाळ्यात ओल्या शेणात उभ्या राहिलेल्या गाईचा खूर बघा. कासेचा दाह झाला तर दूध आणि औषध मिळून किती जातात, तेही पैशांतच मोजता येतं.

राऊतवाडीकर
ताई, हे बरोबर बोललात. माझा शब्द मागे घेतो.

इंदुरी_जावई
बारा दिवसांसाठी कर्ज काढायचंच कशाला? भाड्याने आणा. आमच्याकडे कस्टम हायरिंग सेंटर आहे, रोटाव्हेटर, रीपर, सीड ड्रिल, सगळं मिळतं.

काळी_माती_सांवेर
मिळतं, पण कधी? वाफसा सगळ्या गावाला एकाच दिवशी येतो. त्या दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर आधी स्वतःच्या शेतात जातो, मग सोयऱ्यांच्या, मग आपल्याकडे. तोवर ढेकळं झालेली असतात.

महूचा_पेरणीवाला
ह्या वादात एक गोष्ट सुटतेय. बारा दिवशी अडतात ती दोन कामं कोणती? एक मातीचं, एक रस्त्याचं. मातीचं काम वाफशाला बांधलेलं, ते भाड्यावर मिळत नाही, सांवेरवाले म्हणतात तसं. पण रस्त्याचं काम कशालाच बांधलेलं नाही! मंडीत माल न्यायला पिकअप, आयशर, शेजारच्याची ट्रॉली, जे हवं ते ऑक्टोबरमध्ये कुठल्याही दिवशी मिळतं, आज नाही तर उद्या. आम्ही सहा वर्षं सोयाबीन आणि बटाटे दोन्ही भाड्याच्या गाडीनेच पाठवतो. बटाटे चोइथराम मंडीत पहाटे पोचतात, गाडीवाला रिकामी करून आठला परत. आमचा ट्रॅक्टर त्या वेळी शेतात असतो.

तुमचा ४५ चा ट्रॅक्टर मंडीच्या रांगेत किती दिवस उभा होता, ते त्या बारात मोजा.

देपालपूरकर
मोजलं. बारापैकी नऊ दिवस.

नांगरट
मिळालं मग, त्या नऊ दिवसांना भाड्याची गाडी पुरते. हे मला सुचायला हवं होतं.

ग्वाल्हेरहून
आमच्याकडे मोहरी आणि गहू, गोठा नाही, त्यामुळे छोट्याचा अनुभव नाही. एवढंच सांगतो की कर्ज घ्याल तेव्हा हप्ता सहामाही बांधून घ्या, पिकाच्या विक्रीला धरून. महिन्याचा हप्ता शेतकऱ्याला गळफास होतो.

तराळातला_तास
छोट्याचा एक फायदा अजून कुणी लिहिला नाही, तो म्हणजे सोयाबीनची कोळपणी, ओळींमधलं तण काढणं. आमच्याकडे कुणी कुलपा म्हणतं, कुणी डोरा. बैल राहिले नाहीत आणि निंदायला मजूर मिळत नाहीत, म्हणून सगळे तणनाशकावर गेले. मी तीन वर्षांपासून छोट्या ट्रॅक्टरने कोळपतो.

जमतं कसं, ते बघा. ओळी ४५ सेंटीमीटरवर. मागची चाकं ९० सेंटीमीटरवर बसवली की ट्रॅक्टर दोन ओळी पोटाखाली घेतो आणि चाकं ओळींच्या मधून जातात. छोट्याचा मागचा टायर ८.३ इंची, म्हणजे २१ सेंटीमीटर. ४५ च्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना बारा-बारा सेंटीमीटर मोकळे राहतात. तुमच्या ४५ एचपीला १३.६ चा टायर असेल तर तो साडेचौतीस सेंटीमीटर, म्हणजे दोन्हीकडे पाचच. हात जरा हलला की ओळ गेली. शिवाय त्याचं वजन वेगळं.

पहिली कोळपणी विसाव्या-पंचविसाव्या दिवशी. त्यानंतर मी शेतात ट्रॅक्टर घालत नाही, पीक पोटाला लागतं. पण त्या एका पाळीने मातीच्या भेगा बुजतात आणि पावसाने ओढ दिली तर पीक आठवडाभर जास्त तग धरतं. हे मी शेजारच्या शेताशी दर वर्षी ताडून बघितलंय.

घेण्याआधी चाकांचं अंतर बदलता येतं का, रिम उलटी करून कितीवर येतं, हे टेप लावून मोजा. सगळ्या मॉडेलांत ९० मिळत नाही. आणि पेरणी यंत्राचे फण खरंच ४५ वर आहेत ना, तेही मोजा. माझे ४२ वर निघाले होते, पहिल्या वर्षी दोन ओळी खाल्ल्या.

काळी_माती_सांवेर
हे माहीत नव्हतं. आमच्या ५५ च्याने हे होणारच नाही. तराळातला_तास, एक दिवस येऊन बघू का?

तराळातला_तास
जुलैत या, दादा. जेवायलाच या.

उज्जैनचा_सौदा
थोडं विषयांतर करतो. बाबांच्या कंपनीप्रेमावरून आठवलं. आमच्या आजोबांकडे एचएमटी होता, पिंजोरच्या कारखान्याचा. त्याचा आवाज दोन कोसांवरून ओळखू यायचा. पोळ्याला आजोबा बैलांच्या आधी त्याला धुवायचे, पुढच्या दिव्यांना गोंड्याच्या फुलांची माळ आणि बॉनेटवर हळदीचा पंजा. बैल विकले त्या वर्षी पोळ्याची पुरणपोळी आजीने ट्रॅक्टरच्या सीटवर ठेवली आणि घरातलं कुणीही हसलं नाही. कारखाना २०१६ साली बंद झाला तेव्हा आजोबा नव्हते. ट्रॅक्टर अजून आहे, विहिरीपाशी.

राऊतवाडीकर
आमच्याकडे दसऱ्याला पूजा. सगळ्यांत आधी जुन्याला हार, मग नव्याला.

इंदुरी_जावई
आमचे सासरे सांगतात, दुसरा ट्रॅक्टर दारात आला की पहिला सोयऱ्यांचा होतो. घेण्याआधी सोयरे मोजून ठेवा!

निफाडकर
हे नाशिकलाही लागू आहे :)

देपालपूरकर
सोयरे मोजायला ४१ दिवसांपेक्षा जास्त वेळ लागेल.

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय. काल दोन छोट्या गाड्यांचा डेमो शेतावरच मागवला होता. एकाचं फाटकातून जाणं जमलं पण गव्हाणीपाशी वळेना. फोर व्हीलचं वळण मोठं असतं, हे तेव्हा डोळ्यांनी दिसलं. दुसरा वळला. बायकोने स्वतः चालवला. पहिल्यांदा गिअर अडकला, दुसऱ्यांदा नाही. शेणाची लहान ट्रॉली घेऊन ती गोठ्यातून उकिरड्यापर्यंत जाऊन परत आली. आईने म्हैस पिळत असताना मान वर करून पाहिलं आणि परत पिळायला लागली. म्हैसही हलली नाही, आवाज तेवढा कमी आहे. चाकांचं अंतर टेपने मोजलं, रिम उलटी करून ९१ येतं.

भावाची नाराजी होती. त्याच्याशी मोकळं बोललो. त्याचा मुद्दा असा की जुना ट्रॅक्टर ६,८०० तासांचा झालाय, तो ऐन पेरणीत बसला तर २७ एचपीने ३१ एकर कशी पेरायची? हा मुद्दा खरा आहे, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही.

नांगरट
भावाचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे. पैसे वाचताहेत ते तिथे घाला. मे महिन्यात जुन्याचं इंजिन उघडून घ्या: पिस्टन रिंग, लायनर, बेअरिंग. क्लच प्लेट बदला, लिफ्टचे सील बदला, इंजेक्टर आणि पंप कॅलिब्रेट करा. मागचे टायर घासले असतील तर तेही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय आणि टायर-सुट्या भागांवरचा १८ वरून ५. बिल पक्कं मागा आणि दर बघून घ्या. नीट उघडून बांधलेलं जुनं साधं इंजिन अजून बरीच वर्षं जातं, आणि त्याला लॅपटॉप लागत नाही.

पण हे काम मेमध्येच. जूनमध्ये इंदूरच्या कुठल्याही गॅरेजात जागा नसते.

उज्जैनचा_सौदा
आणि इंजिन उघडताना तिथे स्वतः उभे राहा. जुने काढलेले भाग घरी घेऊन या. बदलले म्हणून बिल लावलं आणि बदललेच नाहीत, असं माझ्या बाबतीत एकदा झालंय.

देपालपूरकर
भावाला काकांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. तो म्हणाला, इंजिन मी स्वतः उभा राहून करून घेतो, सगळे जुने भाग पोत्यात भरून आणतो. मग बाबाही बोलले, त्यांचा ट्रॅक्टर विकला जात नाही एवढ्याने त्यांचं समाधान आहे.

ठरलं ते असं. छोटा २७ चा, गोठ्यात वळला तोच, सहामाही हप्त्यावर. जुन्याचं काम मेमध्ये. ऑक्टोबरचा माल भाड्याच्या गाडीने, महूच्या भाऊंनी सांगितलं तसं. गावातल्या पिकअपवाल्याशी आत्ताच बोलून ठेवलंय. भुशाचा रीपर भाड्याने. आणि जुलैत सोयाबीनमध्ये दोन एकरांवर कोळपणी करून बघायची, जमली तर सगळीकडे.

गोठेवाली_हातोद
वहिनींना सांगा, पहिले पंधरा दिवस रिकामी ट्रॉली घेऊन रिव्हर्सचा सराव करा. पुढे जाणं दोन दिवसांत येतं, ट्रॉली मागे घ्यायला महिना लागतो. स्टिअरिंग उलटं फिरवायचं हे डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. लिंच पिनांचा (अवजार अडकवायच्या खिळींचा) एक जास्तीचा जोड टूलबॉक्समध्ये आणि एक गोठ्यात खिळ्याला अडकवून ठेवा. हरवतात त्या पहाटेच.

देपालपूरकर
ताई, तुम्ही लिहिलेलं वाचून ती आत्ताच विचारतेय, उलटं म्हणजे पुढच्या चाकाच्या उलट की ट्रॉलीच्या?

गोठेवाली_हातोद
ट्रॉलीचं मागचं टोक डावीकडे न्यायचं असेल तर स्टिअरिंग उजवीकडे. थोडंच. आणि ट्रॉली वळायला लागली की लगेच परत डावीकडे घेऊन तिच्या मागे जायचं. इतवारी कधीही या हातोदला, आमच्या अंगणात जागा आहे, मी शिकवते.